हिवतापाचा रक्तलेप : घ्यावा कसा, करावा कसा

(ट्रस्टच्या धर्मार्थ दवाखान्यातर्फे पावसाळ्यापूर्वी घेण्यात आलेल्या स्वयंसेवक प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्यकीय क्षेत्रातला जाणकार नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसतो आहे. दवाखान्याच्या समितीवर हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हापासून प्रयोगशाळेत माझे जाणे-येणे वाढले. तेथील तंत्रज्ञ भगिनींच्या शेजारी स्टुलावर बसून जे पाहिले, त्यांना विचारून जे कळले आणि नंतर जे वाचले, तेच आज आपणासमोर ठेवीत आहे. मजकूर डॉक्टरसाहेबांनी नजरेखालून घातला आहे, तेव्हा त्यातील वैद्यकीय भागाबद्दल आपण निःशंक असावे. कापडाच्या उपमा मात्र सर्वस्वी माझ्या आहेत.

येत्या पावसाळ्यात आपले पंचवीस स्वयंसेवक बांधकामावरील मजुरांच्या वसाहतींतून आणि आसपासच्या चाळींतून फिरणार आहेत. तापाचा रुग्ण आढळला की त्याच्या बोटातून रक्ताचे दोन-तीन थेंब घेऊन ते काचपट्टीवर पसरायचे व ती काचपट्टी संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवायची, एवढेच काम. ऐकायला फारच साधे वाटते. एका तरुण स्वयंसेवकाने मागच्या आठवड्यात मला विचारले, ‘‘काका, यात शिकण्यासारखे काय आहे? रक्त लावायचे आणि द्यायचे.’’ त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी हे भाषण लिहून काढले.

हिवतापाचा जंतू प्रथम पाहिला तो लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने, अल्जीरियातील कॉन्स्टन्टाइन येथे, ६ नोव्हेंबर १८८० रोजी. त्याच्याजवळ रंग नव्हता. ताज्या, न रंगविलेल्या रक्तात त्याला हालचाल करणारे जीव दिसले. पुढे १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच देशात, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हा जंतू शोधला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने डास चावून घेतले आणि त्यास दर डासामागे एक आणा मिळाला, असे रॉस यांनी लिहून ठेवले आहे. दोन्ही शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे खाते आण्यांवरच बंद झाले. असो.

मला विशेष नवल वाटले ते रंगाच्या इतिहासाचे. १८७६ साली हाइनरिख कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने मेथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला, तो कापड रंगविण्यासाठी! इओसिन हा गुलाबी रंगही त्याच धंद्यातून आलेला. पुढे १८९१ च्या सुमारास रोमानोव्हस्की या रशियन डॉक्टरच्या लक्षात आले की, हे दोन रंग एकत्र वापरले असता रक्तावर एक तिसरीच छटा उमटते. जंतूचे अंग निळे होते आणि त्याच्या केंद्रातला ठिपका तांबडा-जांभळा होतो. एकट्या निळ्याने किंवा एकट्या गुलाबीने ते होत नाही. १९०४ साली हॅम्बुर्गच्या गुस्ताव्ह गिम्सा यांनी हे मिश्रण टिकाऊ स्वरूपात तयार केले आणि आजही जगभर ‘गिम्सा’ याच नावाने ते वापरले जाते. आपल्याकडे जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये कमी खर्चाचा आणि झटपट बसणारा रंग शोधला. त्यास त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘जेएसबी’ म्हणतात. देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांनी कोट्यवधी काचपट्ट्या याच रंगात बुडविल्या आहेत. ज्या रंगांनी लुगडी आणि शर्टिंग रंगले, त्याच रंगांनी हिवताप पकडला जातो, हे कळल्यावर प्रयोगशाळेत मला परके वाटेनासे झाले.

आता मुख्य विषयाकडे वळतो. एका काचपट्टीवर आपण दोन लेप करतो, एक जाड व एक पातळ. दोन कशासाठी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ते एकदा समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

जाड लेपात रक्त एकावर एक थर होऊन बसलेले असते. रंगाच्या पाण्यात त्यातील तांबड्या पेशी फुटतात, त्यांचा तांबडेपणा धुऊन जातो आणि मागे उरतात त्या फक्त पांढऱ्या पेशी व जंतू. थोड्या जागेत पुष्कळ रक्त पाहता येते, म्हणून जंतू आहे की नाही याचे उत्तर जाड लेप देतो. परंतु पेशीच नाहीशा झाल्यामुळे जंतू कोणत्या जातीचा, हे त्यावरून ओळखणे अवघड जाते. त्यासाठी पातळ लेप. त्यात तांबड्या पेशी एकेक सुट्या, एका थरात पसरलेल्या राहतात. व्हायवॅक्स जातीने ग्रासलेली पेशी फुगलेली दिसते. फॅल्सिपेरमची वलये नाजूक असतात, एकाच पेशीत दोन-दोनही सापडतात आणि तिची लैंगिक अवस्था केळ्यासारखी वाकडी असते. जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो व महिन्यांनी पुन्हा उपटतो, त्यासाठी चौदा दिवसांचे वेगळे औषध लागते; फॅल्सिपेरम तर मेंदू आणि मूत्रपिंडावर जाऊन थोड्या दिवसांत प्राण घेऊ शकतो. आमच्या भाषेत सांगायचे तर, ठाणामध्ये माल आहे की नाही हे जाड लेप सांगतो आणि त्याचा पोत पातळ लेप सांगतो.

आणि येथेच खरी गोम आहे. पातळ लेप मेथिल अल्कोहोलमध्ये बुडवून पक्का करावा लागतो, म्हणजे त्यातील पेशी फुटत नाहीत. जाड लेप मात्र पक्का होता कामा नये. तो पक्का झाला की तांबड्या पेशी फुटत नाहीत, लेप तपकिरी, अपारदर्शक राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीही दिसत नाही. जाड लेप पक्का करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. अल्कोहोलचा नुसता वाफारा पुरतो. उष्णता पुरते. दिवसचे दिवस पडून राहिला तर तो आपोआपही पक्का होतो. यातील बहुतेक चुका घडतात त्या प्रयोगशाळेच्या बाहेर, म्हणजे तुमच्या-माझ्या हातून.

२०१० सालचा पावसाळा आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी मुंबईत हिवतापाचे सत्तर हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आमच्या पेढीवरील एका मदतनीसाचा एकोणीस वर्षांचा मुलगा तेव्हा तापाने आजारी होता. तिसऱ्या दिवशी उपनगरातील एका ठिकाणी त्याचे रक्त तपासले. अहवाल आला : जंतू आढळले नाहीत. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. साधा ताप समजून गोळ्या सुरू राहिल्या. पाचव्या दिवशी मुलगा बरळू लागला, डोळे पिवळे झाले. आपल्या दवाखान्यात आणल्यावर तंत्रज्ञ भगिनींनी नवा लेप केला आणि अर्ध्या तासाच्या आत फॅल्सिपेरम सांगितला, तोही भरपूर. मुलगा अकरा दिवस रुग्णालयात होता, त्यातील चार दिवस अतिदक्षता विभागात. तो वाचला, आज त्याचे स्वतःचे लहानसे दुकान आहे.

पुढे त्याच्या वडिलांनी पहिली काचपट्टी मागून आणली. आमच्या भगिनींनी ती सूक्ष्मदर्शकाखाली न ठेवता नुसती उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, ‘‘हा लेप गरम करून वाळवला आहे.’’ जाड लेप चॉकलेटी रंगाचा, एखाद्या डागासारखा दिसत होता. पावसाळी हवेत तो लवकर वाळेना म्हणून कोणीतरी दिव्याजवळ धरला असावा. त्यामागे घाई होती, दुष्टपणा नव्हता. परंतु अहवालावर ‘लेप तपासण्यायोग्य नाही’ असे लिहिले गेले नाही, ‘जंतू नाहीत’ असे लिहिले गेले. या दोन वाक्यांत त्या मुलाचे दोन दिवस गेले.

म्हणून आता हाताचे काम सांगतो. ते मी थोडे सविस्तर सांगणार आहे, कंटाळू नये.

काचपट्टी नवी असली तरी ती धुतलेली हवी. खोक्यातून काढलेल्या नव्या पट्टीवरही तेलकट थर असतो आणि तेथे रक्त धरत नाही, लेपात भोके पडतात. खळ न काढलेल्या कापडावर रंग जसा फुटक-फुटक बसतो तसेच हे. पट्टी नेहमी कडांनी धरावी. तिच्या पृष्ठभागावर उमटलेला आपल्या बोटाचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोठा दिसतो.

हातमोजे घालावेत. रुग्णाच्या डाव्या हाताची अनामिका घ्यावी, अंगठा घेऊ नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाची टाच किंवा पायाचा अंगठा चालतो. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसावे आणि मग थांबावे. ते पूर्ण वाळेपर्यंत टोचू नये. ओल्या स्पिरिटवर आलेला थेंब तेथेच बिघडतो, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोल आणि अल्कोहोल काय करते ते आताच सांगितले. या अर्ध्या मिनिटात रुग्णाशी दोन शब्द बोलावेत. तो वेळ फुकट जात नाही. टोचणी पेराच्या मधोमध न मारता किंचित कडेला मारावी, तेथे कमी दुखते. एका माणसाला एक टोचणी, आणि वापरलेली टोचणी लगेच डब्यात. याला अपवाद नाही.

पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकावा. कोरड्या, स्पिरिटच्या नव्हे. नंतर बोट अलगद दाबून येणारे रक्त घ्यावे. जोरात पिळू नये, पिळल्याने रक्ताबरोबर शरीरातील पाणी उतरते आणि नमुना पातळ होतो. पट्टीच्या मध्यावर एक लहान थेंब पातळ लेपासाठी आणि त्यापासून सुमारे एक सेंटिमीटरवर दोन-तीन जरा मोठे थेंब जाड लेपासाठी घ्यावेत. बोटाचा पट्टीला स्पर्श होऊ देऊ नये, फक्त थेंबाचा व्हावा.

पुढचे काम झटपट करावे, कारण रक्त थांबत नाही, ते गोठू लागते. दुसऱ्या पट्टीची गुळगुळीत कड लहान थेंबाला टेकवावी, रक्त त्या कडेवर पसरू द्यावे, आणि पट्टी सुमारे पंचेचाळीस अंशांत धरून एका दमात, न थांबता पुढे सरकवावी. लेपाचे टोक जिभेच्या आकाराचे निघाले म्हणजे हात बसला असे समजावे. कड कपची उडालेली असेल तर लेपात रेघा पडतात. फणीचा एक दात मोडला की संपूर्ण ठाणात पट्टा उतरतो, हे आम्हां कापडवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मग त्याच पट्टीच्या कोपऱ्याने मोठे थेंब एकत्र करून सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा गोल करावा. फार घोटू नये. जाडी बरोबर आहे का हे पाहण्याची एक जुनी खूण आहे : लेप ओला असताना पट्टी छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. अक्षरे अजिबात दिसत नसतील तर लेप फार जाड, तो रंगवताना सोलून निघतो. स्वच्छ दिसत असतील तर फार पातळ.

आता वाळवणे. मुंबईच्या आषाढात ही सर्वांत मोठी कसोटी असते. पट्टी सपाट ठेवावी, तिरकी ठेवली तर रक्त एका बाजूस ओघळते. वर जाळी किंवा झाकण असावे, कारण माश्या आणि मुंग्या लेप खाऊन टाकतात. हे अतिशयोक्तीने सांगत नाही, मी खाल्लेला लेप पाहिला आहे. उन्हात ठेवू नये, दिव्याजवळ धरू नये, मोटारीच्या काचेमागे तर मुळीच ठेवू नये. साधा पंख्याचा वारा चालतो. पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी कागदात गुंडाळू नये. दमट हवेत लेपावर बुरशी धरते आणि बुरशीचे कण जंतूंसारखे दिसून तपासणाऱ्यास फसवतात. पातळ लेपाच्या जाड भागावरच साध्या शिसपेन्सिलीने रुग्णाचा क्रमांक व तारीख लिहावी. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते, शिसपेन्सिल जात नाही. तोच क्रमांक वहीत. वहीतील एक ओळ खालीवर झाली तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावे चढतो. हिशेबातील चूक वर्षअखेरीस तरी सापडते. ही चूक सापडेलच असे नाही.

पट्ट्या त्याच दिवशी प्रयोगशाळेत याव्यात, फारतर दुसऱ्या दिवशी. तेथील काम तुमचे नाही, तरी थोडक्यात सांगतो. पातळ लेप मेथिल अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवतात, त्याचा वाफारा जाड लेपाला लागू नये म्हणून पट्टी उभी व जाड लेपाची बाजू वर ठेवून वाळवतात. मग गिम्साचा तीन टक्क्यांचा द्रव अर्धा-पाऊण तास, किंवा घाई असल्यास दहा टक्क्यांचा आठ-दहा मिनिटे. रंगाचे पाणी बरोबर ७.२ सामूचे लागते. पाणी बिघडले की छटा बिघडते, हे कोणताही रंगारी सांगेल. नंतर तंत्रज्ञ शंभर वेळा दृश्य बदलून जाड लेप पाहतात. या शंभर दृश्यांत पाहिले जाते ते रक्त किती? एक मायक्रोलिटरचा सुमारे पाव भाग. गासडीतून चिमूटभर कापूस काढून सबंध मालाचा भाव ठरवण्यासारखे हे आहे. ती चिमूट खराब निघाली तर पुढे कितीही कुशल नजर असली तरी उपयोग नाही.

काही विश्वस्तांनी प्रश्न उपस्थित केला होता की, आता पट्टीवर थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटणारे किट मिळते, मग सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञांचा पगार कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि खजिन्याच्या दृष्टीने तो विचारलाच पाहिजे. दुर्गम पाड्यावर, जेथे प्रयोगशाळा दोन दिवसांच्या अंतरावर आहे, तेथे किटला पर्याय नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात त्याने प्राण वाचवले आहेत. परंतु किट जंतूंची संख्या सांगत नाही. फॅल्सिपेरम ओळखणाऱ्या नेहमीच्या किटची रेघ औषधाने रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते, त्यामुळे औषध लागू पडते आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. तेव्हा आपण दोन्ही ठेवली आहेत, आणि हिशेब पाहणारा या नात्याने मी दोन्हींच्या बाजूने मत दिले आहे.

आमच्या लहानपणी गावात ‘मलेरियावाले’ येत. दर पंधरवड्यास खांद्याला पिशवी लावलेला माणूस दारात उभा राहून विचारी, ‘‘कुणाला ताप आहे का?’’ असेल त्याचे रक्त घेई, क्लोरोक्विनच्या गोळ्या देई. आम्ही मुले सुईच्या भीतीने माळ्यावर जाऊन लपत असू. १९५३ साली देशाचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९५८ पासून त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई असा अंदाज होता; १९६५ मध्ये रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. मग १९७६ मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली! डीडीटीला डास दाद देईनासे झाले, औषधाला जंतू दाद देईनासे झाले, ही कारणे आहेतच. पण आजार संपला असे वाटून दारोदारचे पाहणे सैल झाले, हेही एक कारण होते. आता पुन्हा रुग्णसंख्या खाली आली आहे आणि २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१६ मध्येच जाहीर केले आहे. रुग्ण जितके कमी होतील, तितके एकेका लेपाचे मोल वाढेल, कारण शेकडो पट्ट्यांत एखादीच दोषी सापडेल आणि ती नेमकी हातून निसटता कामा नये.

एक शंका नेहमी विचारली जाते : थंडी वाजून ताप चढलेला असतानाच रक्त घ्यावे का? नाही. ताप असो वा उतरलेला असो, रुग्ण भेटला की लगेच घ्यावे; मात्र हिवतापाची गोळी दिली जाण्यापूर्वी घ्यावे. आणि पहिला लेप निर्दोष आला तरी ताप चालूच असेल, तर बारा ते चोवीस तासांनी दुसरा घ्यावा, जरूर पडल्यास तिसराही. रुग्णाला हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे, म्हणजे दुसऱ्यांदा सुई पाहून तो चिडणार नाही. तपासलेल्या पट्ट्या, जंतू नसलेल्याही, आपण फेकत नाही. त्यातील काही फेरतपासणीस पाठवल्या जातात. त्यामुळे ज्याने लेप केला त्याचे नाव वहीत असेल. यात कोणाला पकडण्याचा हेतू नाही. ज्याचा हात चुकतो त्याला पुन्हा शिकवता यावे, एवढ्यासाठीच ते आहे.

बाजूच्या टेबलांवर धुतलेल्या काचपट्ट्या, टोचण्या, कापूस आणि जुनी वर्तमानपत्रे मांडलेली आहेत. तंत्रज्ञ भगिनी प्रत्येक टेबलापाशी उभ्या राहतील. पाच-पाच जणांचे गट करावेत आणि प्रत्येकाने किमान चार पट्ट्या कराव्यात. पहिल्या टेबलावर बोट पुढे करण्यास मी स्वतः बसतो आहे. स्पिरिट वाळेपर्यंत थांबावे, एवढी विनंती.